तुटीची मर्यादा आणि मजुरीची पातळी

उज्जैन शहराच्या दक्षिण अंगास, इंदूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला, नानाखेडा नावाची वस्ती आहे. क्षिप्रेचे घाट, महाकाळेश्वराचे शिखर आणि १८१० पर्यंत शिंद्यांच्या राजधानीचा मान या खुणांनी मराठी माणसाच्या ओळखीचे असलेले उज्जैन येथून काहीसे दूर वाटते. हे नव्या वसाहतींचे, क्रीडांगणाचे आणि बसस्थानकाचे उज्जैन होय. बसस्थानकाला राजाभाऊ महाकाळ यांचे नाव दिलेले आहे. उज्जैनचा हा तरुण १९५५ च्या ऑगस्टमध्ये गोवामुक्तीच्या सत्याग्रहात पोर्तुगीज गोळीला बळी पडला.

या स्थानकाची हकीकत अर्थशास्त्राच्या एका मोठ्या प्रश्नाशी जोडलेली आहे. येथून सुटणाऱ्या गाड्या गेली अनेक वर्षे खाजगी मालकांच्या आहेत. १९६२ मध्ये स्थापन झालेले मध्यप्रदेश राज्य मार्ग परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय राज्य शासनाने २००५ मध्ये घेतला. महामंडळ तोट्यात होते, गाड्या जुन्या झाल्या होत्या, कर्जाचा बोजा वाढत होता आणि नोकरांचे पगार वेळेवर भागत नव्हते. केवळ जमाखर्चाच्या दृष्टीने पाहिले तर निर्णय गैरवाजवी म्हणता येणार नाही. जे खाते दरवर्षी बुडते ते बंद करावे, असे कोणताही व्यापारी सांगेल. परंतु परिवहन महामंडळाच्या वहीत एकच खाते नसते. रात्रीच्या वेळी आडगावी जाणारी, अर्धी रिकामी गाडी हे एक खाते आहे. वाहकाचा पगार आणि त्याचा भविष्यनिर्वाह निधी हे दुसरे. नव्या गाड्यांसाठी लागणारे भांडवल हे तिसरे. तिजोरीची तूट मोजणाऱ्याला या तिन्हींची बेरीज तेवढी दिसते, तीमागे उभी असलेली माणसे दिसत नाहीत.

२००५ हे साल आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी मध्यप्रदेशाने राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा केला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानेही केला. श्री. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील बाराव्या वित्त आयोगाने राज्यांपुढे सरळ सौदा ठेवला होता : असा कायदा करा, तूट आवरा, म्हणजे केंद्राच्या कर्जात सवलत मिळेल. राज्याची राजकोषीय तूट त्याच्या सकल उत्पादनाच्या ३ टक्क्यांपर्यंत खाली आणावी, हे त्यातले मुख्य सूत्र. भोपाळ आणि मुंबई, दोन भिन्न प्रकृतीची राज्ये, एकाच आकड्याच्या शिस्तीत आली. परिवहन महामंडळ या कायद्यामुळे बंद पडले, असे म्हणणे धाडसाचे होईल. त्याचे दुखणे जुने होते. पण ज्या वातावरणात तो निर्णय सहज झाला, ते वातावरण या आकड्याचे होते.

हा ३ टक्क्यांचा आकडा आला कोठून? त्याचा उगम १९८१ च्या पॅरिसमध्ये सापडतो. अध्यक्ष मितराँ यांना मंत्र्यांच्या मागण्या थोपविण्यासाठी एक सुटसुटीत नियम हवा होता, आणि अंदाजपत्रक खात्यातील अधिकाऱ्यांनी तो शोधून दिला. त्यामागे कोणताही सखोल सिद्धांत नव्हता, असे त्या अधिकाऱ्यांपैकी एक, गी आबेय, यांनी पुढे स्वतःच सांगितले. १९९२ च्या मास्ट्रिख्ट कराराबरोबर तो युरोपचा नियम झाला; त्याच्या जोडीला कर्ज उत्पादनाच्या ६० टक्क्यांपर्यंतच असावे ही अट आली. घाईघाईने सोयीसाठी निवडलेला आकडा पुढे निम्म्या जगाच्या अंदाजपत्रकांवर राज्य करू लागला, हे अर्थकारणाच्या इतिहासातले एक कौतुकच म्हणावयाचे.

तेव्हा तुटीच्या बाबतीत युरोपने व भारताने एकच फूटपट्टी हाती घेतली. फरक पडला तो नंतर. तुटीची मर्यादा सर्वांना सारखी आणि मजुरीची पातळी मात्र ज्याची त्याने पाहावी, अशी विभागणी केली तर काय होते, याचा कटु अनुभव युरोपला २०१० नंतर आला. ग्रीसची तिजोरी रिकामी झाली आणि धनकोंनी कर्ज देताना ज्या अटी घातल्या, त्यांत वेतनकपातीची अट होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये तेथील किमान वेतन एका फटक्यात २२ टक्क्यांनी खाली आणले गेले, महिना ७५१ युरोंवरून ५८६ युरोंवर. पंचविसाच्या आतल्या तरुणांचे तर ३२ टक्क्यांनी. मजुरी स्वस्त झाली की भांडवल धावत येईल, हा त्यामागचा तर्क. भांडवल धावत आले नाही. गिऱ्हाईकाच्याच खिशात पैसे नसल्यावर दुकान कोण उघडणार? ते किमान वेतन ६५० युरोंपर्यंत वर यायला २०१९ साल उजाडावे लागले, आणि तरीही ते जुन्या पातळीच्या खालीच होते.

युरोपीय संघाने २०११ पासून एक वार्षिक क्रम सुरू केला. त्याला तेथे 'युरोपीय सत्र' असे म्हणतात. शरद ऋतूत संघाचा आयोग सर्व राष्ट्रांच्या अर्थस्थितीचा आढावा मांडतो. वसंतात प्रत्येक राष्ट्र आपल्या योजना व हिशेब सादर करते. उन्हाळ्याच्या सुमारास प्रत्येकाला त्याच्यापुरत्या शिफारशी दिल्या जातात. त्यांच्या आधारे पुढील वर्षाची अंदाजपत्रके बनतात. आरंभी हा सारा प्रपंच तुटीभोवतीच फिरत असे. पण १७ नोव्हेंबर २०१७ रोजी स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे संघाने सामाजिक हक्कांची वीस तत्त्वे उद्घोषित केली : न्याय्य वेतन, सुरक्षित नोकरी, आजारपणात व म्हातारपणी आधार, बालकांची काळजी इत्यादी. त्यानंतर वार्षिक आढाव्यात तुटीच्या आकड्यांशेजारी बेकारीचे, दारिद्र्याचे, शाळा सोडणाऱ्या मुलांचे आकडेही मांडले जाऊ लागले. अर्थमंत्र्याच्या मेजावर मजूरमंत्र्याचा कागद आला, एवढाच याचा सरळ अर्थ.

याहून अधिक श्रेय युरोपला देण्याचे कारण नाही. ती वीस तत्त्वे उद्घोषणा आहेत. न्यायालयात जाऊन वसूल करता येईल असे देणे नव्हे. तुटीच्या नियमाला निदान दंडाची धमकी तरी आहे. अर्थात् तीही पोकळच : २०१६ मध्ये स्पेन व पोर्तुगाल यांनी मर्यादा ओलांडली तेव्हा दंडाची रक्कम शून्य ठरविण्यात आली. तरी वेतनाच्या प्रश्नावर संघ एक पाऊल पुढे गेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये पुरेशा किमान वेतनाविषयीचा निर्देश संमत झाला. वेतनानुसार सर्व कामगारांना ओळीने उभे केले तर बरोबर मधल्या माणसाला जे मिळते, त्याच्या ६० टक्के किंवा सरासरी वेतनाच्या ५० टक्के, अशासारखी फूटपट्टी वापरून प्रत्येक राष्ट्राने आपले किमान वेतन पुरेसे आहे की नाही हे तपासावे, असे त्यात सुचविले आहे. त्याहून महत्त्वाची दुसरी तरतूद : ज्या राष्ट्रात ८० टक्क्यांहून कमी कामगारांचे वेतन मालक व संघटना यांच्या वाटाघाटींनी ठरते, त्याने ते प्रमाण वाढविण्याची योजना आखली पाहिजे.

या निर्देशाला विरोध झाला तो गरीब राष्ट्रांकडून नव्हे. डेन्मार्क व स्वीडन या सुस्थितीतील, बलाढ्य कामगार संघटनांच्या देशांकडून! त्यांच्याकडे कायद्याने ठरविलेले किमान वेतनच नाही. सर्व काही वाटाघाटींनी ठरते, आणि त्यात ब्रुसेल्सने हात घालू नये, ही त्यांची भूमिका. डेन्मार्क न्यायालयात गेला. ११ नोव्हेंबर २०२५ रोजी संघाच्या न्यायालयाने निर्देशाचा बहुतेक भाग कायम ठेवला. मात्र किमान वेतन ठरविताना कोणकोणत्या बाबी विचारात घ्याव्यात याची जी यादी त्यात होती ती संघाच्या अधिकाराबाहेरची म्हणून रद्द केली. राज्ये आणि संघ यांच्यातील ही रस्सीखेच भारतीय वाचकाला परकी वाटू नये. आपल्याही राज्यघटनेत कामगारकल्याण हा विषय समवर्ती सूचीत आहे.

आणि खरे पाहता, किती वेतन पुरेसे याचे उत्तर भारताने युरोपच्या फार आधी दिलेले आहे. जुलै १९५७ मध्ये श्री. गुलझारीलाल नंदा मजूरमंत्री असताना भारतीय कामगार परिषदेचे पंधरावे अधिवेशन भरले. सरकार, मालक आणि कामगार या तिन्ही पक्षांनी एकमताने गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाची व्याख्या केली. एका मिळवत्या माणसामागे तीन माणसांचा आहार धरावा; प्रौढ माणसाला २७०० उष्मांक मिळतील इतके अन्न धरावे; दरडोई वर्षाला १८ वार, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला ७२ वार कापड; घरभाडे; आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. सर्वोच्च न्यायालयाने पुढे रेप्टाकॉस ब्रेट प्रकरणात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार व म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर त्यात घातली. वार आणि उष्मांक यांत मोजलेली ही व्याख्या कोणत्याही मध्यम वेतनाच्या टक्केवारीपेक्षा अधिक स्पष्ट आहे. ती घरातल्या बाईलाही समजते, आणि बहुधा तिलाच सर्वांत आधी समजते.

मग तिचे झाले काय? परिषदेची शाई वाळते न वाळते तोच दुसऱ्या वेतन आयोगापुढे हा प्रश्न आला, आणि अर्थखात्याने कळविले की, परिषदेच्या शिफारशींनी भारत सरकार बांधले गेलेले नाही. एकाच सरकारच्या मजूरखात्याने जे मान्य केले, ते त्याच सरकारच्या अर्थखात्याने आपल्यापुरते अमान्य केले. आजच्या विषयाचे मर्म या एका घटनेत आहे. युरोपने २०१७ नंतर जे दोन कागद एका मेजावर आणण्याचा प्रयत्न केला, ते कागद आपल्याकडे १९५७ मध्येच तयार होते. फक्त ते दोन वेगळ्या खोल्यांत राहिले. त्या परिषदेचे सेहेचाळिसावे अधिवेशन जुलै २०१५ मध्ये झाले, आणि त्यानंतर अनेक वर्षे ती भरलीच नाही. याउलट करांचा मेळ घालणारी वस्तू व सेवा कर परिषद २०१६ पासून नियमाने भरत आलेली आहे.

दोन खोल्यांतील या हिशेबाची किंमत महाराष्ट्रानेही मोजली आहे. मध्यप्रदेशाने आपले महामंडळ बंद केले, महाराष्ट्राने आपली एस. टी. राखली. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावलेल्या पहिल्या गाडीपासून ती खेड्यापाड्यांची जीवनवाहिनी झाली आहे. पण राखली म्हणजे पोसली असे नव्हे. प्रवाशांच्या भाड्यावर वर्षानुवर्षे शासनाने १७.५ टक्के प्रवासी कर घेतला, आणि सवलतींचा भार त्याच महामंडळावर टाकला. विद्यार्थी, वृद्ध, आजारी यांच्या सवलतींची भरपाई शासनाने द्यावयाची असते; ती केव्हा मिळेल यावर चालकाचा पगार अवलंबून! २०२१ च्या दिवाळीत हे सारे फुटले. शासनात विलीनीकरणाची मागणी करीत कर्मचारी संपावर गेले आणि तो संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. नोव्हेंबर २०२१ मध्ये शासनाने नोकरीच्या कालमानाप्रमाणे मूळ वेतनात ५०००, ४००० व २५०० रुपयांची वाढ जाहीर केली. विलीनीकरण झाले नाही. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ मध्ये स्त्रियांना अर्धे तिकीट मिळाले. लाखो स्त्रियांना माहेर, बाजार आणि दवाखाना जवळ आला. हा हक्क लहान नव्हे. परंतु हक्क एका खात्याने जाहीर करावा, पैसा दुसऱ्याने सोडावा आणि पगार तिसऱ्याने भागवावा, ही रीत त्यामुळे बदलली नाही. मध्यप्रदेशाने एप्रिल २०२५ मध्ये 'मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा' या नावाने शासकीय देखरेखीची बससेवा पुन्हा उभी करण्यास मान्यता दिली. गाड्या मात्र खाजगी मालकांच्याच राहावयाच्या आहेत. वीस वर्षांनंतर खेड्यांसाठी गाडी हवीच असे ठरले, एवढे त्यातून निश्चित दिसते.

उज्जैनकडे परत वळावयाचे ते भांडवल आणि मजुरी यांच्या ताज्या प्रसंगासाठी. मार्च २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत उज्जैनमध्ये प्रादेशिक उद्योग परिषद भरली. उज्जैन-देवास मार्गावरील विक्रम उद्योगपुरीत कारखाने यावेत, वैद्यकीय उपकरणांचे उद्यान उभे राहावे, यासाठी उद्योगपतींना आमंत्रण देण्यात आले. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातील ही वसाहत. जमीन, पाणी, वीज, रस्ते तयार. पुढच्याच महिन्यात, १ एप्रिल २०२४ पासून, राज्याच्या मजूरखात्याने सुमारे दहा वर्षांनी किमान वेतनाचे मूळ दर वाढविले. वाढ जवळजवळ २५ टक्के. गिरणीमालकांची संघटना उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाकडे गेली, मे महिन्यात वाढीला स्थगिती मिळाली, आणि ती डिसेंबरात उठली. पुढे वस्त्रोद्योग, तयार कपडे व पादत्राणे हे धंदे बाजूला काढून बाकीच्यांना नवे दर लागू करण्यात आले.

मालकांच्या बाजूने बोलावयाचे तर एकदम चतुर्थांशाची वाढ हा धक्काच आहे. ज्याने मागण्या आधीच्या दराने घेतल्या आहेत त्याचे गणित चुकते, आणि शेजारच्या राज्यात दर कमी असेल तर माल तेथे जातो. पण हा धक्का कामगारांनी दिलेला नाही. कायदा पाच वर्षांच्या आत दरांचा फेरविचार करावयास सांगत असता तो दहा वर्षे झाला नाही, म्हणून वाढ एकदम आली. दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढले असते तर कोणी न्यायालयाची पायरी चढले नसते. आणि वगळले कोणाला? कपडे शिवणाऱ्यांना व पादत्राणे बनविणाऱ्यांना, म्हणजे ज्या धंद्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने असतात आणि ज्या धंद्यांसाठी नवे भांडवल सर्वांत आवर्जून बोलाविले जात आहे, त्यांनाच.

माळव्यातील कापडाच्या धंद्याने हा मार्ग पूर्वी एकदा चालून पाहिलेला आहे. उज्जैनच्या गिरण्यांचे भोंगे एके काळी गावाचे घड्याळ होते. जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा आणि आटलेले भांडवल यांनी त्या एकामागून एक बंद पडल्या. दोष एकट्या मजुरीचा नव्हता. जेथे मजुरी थकलेलीच होती तेथेही गिरण्या वाचल्या नाहीत. विनोद मिलच्या हजारो कामगारांची देणी दोन दशकांहून अधिक काळ अडकून पडली, आणि त्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. इंदूरच्या हुकुमचंद मिलची गोष्ट याहून सर्वश्रुत आहे. १९९२ च्या सुमारास ती बंद झाली. कामगारांच्या देण्याचे सुमारे २२४ कोटी रुपये २५ डिसेंबर २०२३ रोजी परिसमापक व कामगार संघटनांच्या हाती सुपूर्त झाले. मधल्या तीन दशकांत कामगार दर आठवड्याला गिरणीच्या दारात सभा घेत राहिले. त्यांतले अनेक पैसे येण्यापूर्वीच गेले, आणि धनादेश त्यांच्या विधवांनी व मुलांनी घेतले. ही देणी गिरणीच्या धंद्यातून फिटली नाहीत. जमिनीच्या मोलातून फिटली. मुंबईच्या गिरणगावातही जमिनीचेच मोल होते, पण ते कामगारापर्यंत फार थोडे पोचले.

या पार्श्वभूमीवर दोन जागांकडे लक्ष ठेवावे लागेल. केंद्र शासनाने मार्च २०२३ मध्ये सात ठिकाणी 'पी. एम. मित्र' नावाची मोठी वस्त्रोद्योग उद्याने जाहीर केली. त्यांतले एक उज्जैनच्या शेजारी धार जिल्ह्यातील भैंसोला येथे, दुसरे अमरावतीजवळ नांदगावपेठ येथे. पहिल्याची पायाभरणी सप्टेंबर २०२५ मध्ये झाली, दुसऱ्याची त्याच्या एक वर्ष आधी. कापूस माळवा-निमाडचा असो की वऱ्हाडचा, सूत, कापड व शिवण एकाच आवारात आणण्याची कल्पना दोन्हीकडे सारखी, आणि केंद्राचे साहाय्यही एकाच योजनेचे. जमिनीचे दर, विजेची सवलत, व्याजातील सूट यांत भोपाळ व मुंबई एकमेकांशी स्पर्धा करतील. तशी त्यांनी करावीही. पण शिवणयंत्रावर बसणाऱ्या मुलीची मजुरी हा त्या स्पर्धेतला एक आकडा असावा काय?

याचे उत्तर देण्याचे साधन आता कायद्यात आहे. वेतन संहिता २०१९ मध्ये संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अन्य तीन कामगार संहितांबरोबर अमलात आली. केंद्राने एक तळवेतन ठरवावयाचे आणि कोणत्याही राज्याचे किमान वेतन त्याखाली जाता कामा नये, अशी तीत तरतूद आहे. याआधीही असा राष्ट्रीय दर होता, पण तो केवळ सल्ल्याचा. २०१९ मध्ये शासनाच्याच तज्ज्ञ समितीने दिवसाला ३७५ रुपये सुचविले असता तो १७६ वरून १७८ रुपयांवर नेण्यात आला. दोन रुपयांची वाढ! नव्या तळवेतनाचा आकडा १९५७ च्या उष्मांकांनी व वारांनी ठरतो, की अशाच दोन रुपयांच्या हिशेबाने, यावर भैंसोल्यातील आणि नांदगावपेठेतील पहिल्या पगाराचे पाकीट किती जड असेल ते ठरणार आहे.